अंकटाडचं १५ पैशांचं तिकीट: कोरं, वापरलेलं की फर्स्ट डे कव्हर?

संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेचं, म्हणजे अंकटाडचं, दुसरं अधिवेशन १ फेब्रुवारी १९६८ रोजी नवी दिल्लीत सुरू झालं आणि भारतीय टपाल खात्याने त्याच दिवशी १५ पैशांचं तिकीट काढलं. पहिलं अधिवेशन १९६४ मध्ये जिनिव्हात झालं होतं. विकसनशील देशांच्या मालाला श्रीमंत देशांनी आयातशुल्कात सवलत द्यावी, हे तत्त्व दिल्लीतच मान्य झालं. वाशीच्या बाजार समितीजवळ किंवा न्हावा-शेवा बंदराच्या आसपास राहून ‘व्यापार’ या विषयावर संग्रह करणाऱ्याने हे तिकीट घ्यायलाच हवं. ते कोणत्या रूपात घ्यावं, एवढंच ठरवायचं आहे.

कोरं तिकीट दिसायला सर्वांत सुंदर, पण ठाणे-नवी मुंबईच्या हवेत सांभाळायला सर्वांत अवघड. पावसाळ्यात मागचा डिंक दमट हवा शोषतो, मऊ होतो आणि तिकीट अल्बमच्या पानाला चिकटतं. मग ते उचकटताना डिंक जातो आणि किंमतही जाते. बुरशीचे तपकिरी ठिपकेही आधी डिंकावरच उठतात. म्हणून विकत घेताना आधी मागची बाजू पाहा. जुना डिंक धुऊन नवा लावलेली तिकिटं बाजारात येतात. तिकिटाच्या कडेच्या दातांच्या टोकांवरून भिंग फिरवा. मूळ तिकिटाला आधी डिंक लागतो आणि छिद्रं नंतर पडतात, त्यामुळे टोकांचे कागदी धागे मऊ राहतात. नंतर डिंक लावलेल्या तिकिटाची टोकं कडक लागतात. हिंजची, म्हणजे तिकीट अल्बममध्ये लावायच्या डिंकाच्या कागदी पट्टीची, खूण असेल तर भाव कमी करून मागा.

वापरलेलं तिकीट स्वस्त आणि टिकाऊ. त्याला डिंकच नसतो, त्यामुळे निम्मी काळजी मिटते. शिक्का हलका हवा आणि तारीख वाचता आली पाहिजे. काळ्या शाईने चित्र झाकलं असेल तर सोडून द्या. पाकिटाच्या तुकड्यावर असेल, तर साध्या थंड पाण्यात १५-२० मिनिटं ठेवा. ते आपोआप सुटेल, ओढू नका. मग टिपकागदावर पालथं वाळवा. मात्र पूर्ण, स्वच्छ शिक्का असलेला तुकडा भिजवू नका, तो तसाच जास्त मोलाचा.

विषयवार संग्रहासाठी आमची पसंती फर्स्ट डे कव्हरला, म्हणजे तिकीट लावून ते निघाल्याच्या दिवसाचा शिक्का मारलेल्या पाकिटाला. तारीख, प्रसंग आणि तिकीट एकाच कागदावर येतात, आणि प्रदर्शनाच्या पानावर त्याला वेगळं स्पष्टीकरण लागत नाही. घेताना शिक्क्याची रेघ तिकिटावरून पाकिटावर न तुटता गेली आहे का ते तपासा. ती तुटली किंवा सरकली असेल तर तिकीट नंतर चिकटवलेलं असण्याची शक्यता मोठी. तिकिटाभोवती पिवळट कडा दिसली तर तो डिंकाचा परिणाम आहे. ती पुसली जात नाही. आत जाड पुठ्ठा असेल तर काढून टाका, त्यातलं आम्ल पाकीट पिवळं करतं. पाकिटाची जीभ बंद होऊ नये म्हणून मध्ये पातळ आम्लरहित कागद ठेवा.

तिन्हींसाठी पीव्हीसीची पिशवी टाळा, पॉलिप्रोपिलीनची घ्या. स्टॉकबुक, म्हणजे तिकिटं न चिकटवता पट्ट्यांमागे ठेवायची वही, उभं ठेवा आणि कपाट बाहेरच्या भिंतीपासून लांब ठेवा. जून ते सप्टेंबर सिलिका जेलच्या पुड्या डब्यात ठेवा. रंग बदलणारे दाणे असतील तर रंग बदलताच वाळवा किंवा नवे घाला. हे सगळं जमणार नसेल, तर कोऱ्या तिकिटाच्या वाटेला जाऊ नका.