टेबलावरची काचेची भट्टी: माघ ते ज्येष्ठ, पाच महिन्यांच्या वापरानंतर

भट्टी 2 किलोवॅटची, सिंगल फेज. आतली जागा 30 × 30 सेंटिमीटर, सिरॅमिक फायबरचं अस्तर, वरून उघडणारं झाकण आणि बाजूला चिकटवलेला कंट्रोलरचा (तापमान सांभाळणाऱ्या यंत्राचा) डबा. ठेवली आहे कवेलूच्या खोलीत. टिनाच्या छपरीत ठेवू नये, कारण पुढे येईल. काम बहुतेक सांदवाडीचंच (घरामागच्या बागेचं): चिमण्यांसाठी पाण्याच्या उथळ ताटल्या, वाफ्यात खोचायच्या नावपट्ट्या, मांडवाला टांगायची लटकनं. माल म्हणजे खिडकीची साधी 4 मिलिमीटर काच.

निकाल आधीच: भट्टी चांगली, कंट्रोलरचा डबा सुमार. आणि बाहेरच्या 45 अंशांनी फारसं बिघडत नाही, बिघडतं ते व्होल्टेजने. एप्रिल-मेमध्ये गावभर कूलर सुरू झाले की डीपीवर भार येतो आणि संध्याकाळी मीटर 180 व्होल्ट दाखवतो. शक्ती व्होल्टेजच्या वर्गाने घटते, म्हणजे 230 वर 2 किलोवॅट देणारी तार 180 वर जेमतेम 1.2 किलोवॅट देते. भट्टी 700 ते 800 अंशांच्या टप्प्यात रेंगाळते आणि नेमकं तिथेच काचेच्या पृष्ठभागावर बारीक स्फटिक धरतात. सकाळी ताटलीवर दुधाळ, खरखरीत साय दिसते. लोक दोष काचेला देतात. दोष वेळेचा असतो. रात्री 11 नंतर सुरू करा, साय बहुतेक वेळा येतच नाही. बागेची मोटरही त्या वेळी लावू नका, ती पहाटे.

दोन थर एकावर एक ठेवून वितळवायला हे वेळापत्रक बसलं: तासाला 150 अंशांनी 550 पर्यंत, तिथे 15 मिनिटं, मग तासाला 250 ने 830 पर्यंत, 10 मिनिटं थांबा. झाकण बंद ठेवूनच 550 पर्यंत उतरू द्या, तिथे एक तास, म्हणजे काचेतला ताण निघतो. नंतर तासाला 60 ने 430 पर्यंत आणि मग बंद. खर्च 7 ते 9 युनिट. वळवायची ताटली मात्र वेगळ्या फेरीत, साच्यावर, 730 च्या आसपास, डोळ्यांनी बघत (काळा चष्मा लावून). नवतपात (कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) एक गंमत होते: भट्टी 100 पर्यंत पटकन उतरते, पण 60 च्या खाली यायला दुपार उलटते, कारण खोलीच 42 वर असते. घाई करून कूलरसमोर झाकण उघडलं की काच टचकन तडकते.

लाईन गेली तर? चढताना गेली तर विशेष नुकसान नाही. उतरताना, 560 ते 480 च्या दरम्यान गेली तर धोका, कारण फायबरची भट्टी विटांच्या भट्टीपेक्षा लवकर थंड होते. झाकणावर फायबरची जास्तीची चादर टाका (तोंडाला एन-95 मास्क, तिची धूळ फुप्फुसाला वाईट), आणि आत डोकावू नका. तापमान 450 च्या खाली गेलं असेल तर लाईन आल्यावर तासाला 100 ने परत 550 आणि पुन्हा एक तास. लाईन आल्यावर कार्यक्रम शून्यापासून सुरू करायचा की जिथे होता तिथून, ही सेटिंग कंट्रोलरमध्ये आधीच पाहून ठेवा.

आता डबा. आत सॉलिड स्टेट रिले (तारेचा प्रवाह चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) आहे; 9 अँपियरवर तो स्वतःच दहाएक वॅट उष्णता सोडतो आणि डब्यात हवेला वाट नाही. टिनाखाली दुपारी डबा इतका तापतो की रिलेची खात्री राहत नाही. हा रिले बिघडला की बहुधा चालूच राहतो, बंद पडत नाही, म्हणजे भट्टी थांबत नाही. म्हणून रिलेच्या मालिकेत (सिरीजमध्ये) एक कॉन्टॅक्टर, म्हणजे प्रवाह तोडणारा मोठा स्विच, आणि जास्त तापमानाचा अलार्म जोडून घ्यावा. डबा भट्टीपासून हातभर दूर न्यावा. दूर नेताना थर्मोकपलला (भट्टीतलं तापमान मोजणाऱ्या तारेला) साधी तांब्याची वायर जोडू नका. सांधा 70 वर आणि डबा 40 वर असेल तर आकडा 30 अंश कमी दिसतो आणि भट्टी तेवढीच जास्त तापते. थर्मोकपलसाठीची के-टाइपचीच वायर घ्या.

किल्न वॉश (काच चिकटू नये म्हणून फळीला आणि साच्याला लावायचा लेप) पहाटे लावा. मे महिन्यात दुपारी ब्रश फिरायच्या आत सुकतो आणि रेघा काचेवर उमटतात. बोअरच्या पाण्याने धुतलेल्या काचेवर क्षारांचे डाग राहतात, तेही भट्टीत पक्के होतात, म्हणून शेवटचा हात आरओच्या पाण्याचा.

बागेतला अनुभव: चिमण्यांची ताटली उन्हात तापलेली असताना माठातलं गार पाणी ओतलं की फुटते. साध्या काचेला साधारण 40 अंशांचा फरक पेलतो, गडद रंगाची ताटली दुपारी ती सीमा ओलांडते. पाणी सकाळीच भरा आणि ताटली लिंबाच्या सावलीत ठेवा. गोल, पाण्याने भरलेली पारदर्शक काच कुटार किंवा वाळक्या पाल्याजवळ नको. ऊन एका बिंदूवर गोळा होतं. काच घासल्यावर उरणारा गाळ वाफ्यात कधीच ओतू नये, निंदण करणारीच्या बोटांना तो सापडतो.