पहिल्या मॉडेल इंजिनाला रिव्हर्स गिअर कोणता?

भुसावळच्या पोरांनी वाफेचं मॉडेल करायला घेतलं, की ते मागेपुढे चालवायला बहुतेक थेट वॉलशार्ट गिअरच, म्हणजे चाकांबाहेरच्या दांड्यांची ती रचना, मागतात. साहजिक आहे. रेल्वेच्या जुन्या डब्ल्यूपी, डब्ल्यूजी या वाफेच्या इंजिनांच्या चाकांवर उघड्या नाचणाऱ्या दांड्यांचं कौतुक घरात ऐकतच मोठी झालेली असतात. तरी पहिल्या इंजिनाला तो नको, असं माझं मत.

स्लाइड व्हॉल्व्ह म्हणजे सिलिंडरमध्ये वाफ सोडणारी सरकती झडप. ती हलवणारं एक्सेंट्रिक, म्हणजे धुऱ्यावर मध्य सोडून बसवलेली चकती, फिरण्याच्या दिशेने क्रँकच्या (पिस्टनचा दांडा चाक फिरवतो त्या पिनेच्या) ९० अंश आणि वर थोडं पुढे असतं. उलटं चालवायचं तर ते क्रँकच्या दुसऱ्या अंगाला तेवढंच लांब हवं. सगळी खटपट एवढ्यासाठी.

स्लिप एक्सेंट्रिक यातलं सगळ्यात गरीब. धुऱ्यावर सैल बसतं, खुंटीला अडून फिरतं. इंजिन हाताने थोडं मागे ढकललं, की खुंटी दुसऱ्या बाजूला लागते आणि दिशा बदलते. मी पहिल्यांदा हा सैलपणा बरोबर १८० अंश ठेवला होता. पुढे झकास, मागे लंगडं! व्हॉल्व्हला लॅप असेल, म्हणजे मधोमध असताना तो वाफेच्या भोकाच्या कडेपलीकडे थोडा जास्त झाकत असेल, तर ९० च्या वरचा तो 'थोडा' कोन दुप्पट करून १८० तून वजा करायचा असतो. लांबून दिशा मात्र बदलता येत नाही, कट-ऑफही (स्ट्रोकमध्ये वाफ कुठे तोडायची ते) नाही.

आत येणाऱ्या नि बाहेर जाणाऱ्या वाफेच्या वाटा बदलायची युक्तीही आहे. खटका दाबला, काम झालं. पण तिथे लॅप शून्य, त्यामुळे वाफ जवळपास पूर्ण स्ट्रोकभर आत शिरते आणि छोटा बॉयलर धापा टाकतो. शिवाय साधा स्लाइड व्हॉल्व्ह चालत नाही. खालून वाफ आली की तो बैठकीवरून उचलला जातो. नळीत सरकणारा, पिस्टनसारखा पिस्टन व्हॉल्व्ह लागतो.

स्टीफन्सन गिअर १८४२ चा. दर सिलिंडरला दोन एक्सेंट्रिक, मधे वाकडी लिंक. सिलिंडर चाकांच्या आत असतील तरच याच्या वाटेला जा.

वॉलशार्ट १८४४ चा, बेल्जियमचा. एक रिटर्न क्रँक (चाकाच्या पिनेवर बाहेरून बसवलेला छोटा क्रँक) आणि क्रॉसहेडची (पिस्टनच्या दांड्याच्या टोकाच्या सरकत्या ठोकळ्याची) हालचाल मिळून काम चालतं, लीड, म्हणजे पिस्टन टोकाला असताना वाफेची वाट जेवढी उघडी असते ती, कायम राहते. पण पिनांची संख्या मोजा. प्रत्येकीचा ढिलेपणा साठत जातो, आणि मॉडेलमध्ये व्हॉल्व्ह हलतोच मुळी काही मिलिमीटर.

गच्चीवर गोल रूळ टाकून नुसतं पळवायचं असेल, तर स्लिप पुरे. पाचोरा-जामनेरसारखी नॅरोगेज मांडून डबे मागेपुढे करायचे, शंटिंग करायचं असेल, तर दुसऱ्या इंजिनाला वॉलशार्ट घ्या.