मेनूवर चालणारा छोटा एचएफ सेट : दहा महिन्यांच्या वापरानंतर

हा हॅम म्हणजे हौशी रेडिओचा, लघुलहरींवर (एचएफ) बोलायचा-ऐकायचा सेट. यवतमाळ जिल्ह्यातलं खेडं, कवेलूचं घर, मुख्यतः ४० मीटर (७ मेगाहर्ट्‌झ) बँड, रोजचे दीड-दोन तास. सेट १०० वॅटचा, पॅनेल वीतभर रुंद. एक मोठा डायल, तीन छोटे नॉब, आठ बटणं. बाकी सगळं मेनूत. रिसिव्हर चांगला आहे आणि मॉड्युलेशनबद्दल, म्हणजे आपल्या जाणाऱ्या आवाजाबद्दल, समोरच्यांची तक्रार नाही. अडचण होते ती हाताची. खेड्यात दर दहा मिनिटांनी लागणाऱ्या दोन गोष्टी, नॉइज ब्लँकर (टक-टक खरखर पुसणारा) आणि एजीसी (सिग्नलच्या जोराप्रमाणे रिसिव्हर आपोआप कमी-जास्त करणारी सोय), या सेटमध्ये मेनूच्या तिसऱ्या पानावर आहेत.

ब्लँकर एवढा का लागतो? रानडुकरं आणि रोही (नीलगाय) यांच्यापायी आता वावरावावरात झटका मशीन आहे. कुंपणाच्या तारेत साधारण सेकंदाला एक ठोका जातो. तार ओल्या गवताला टेकली किंवा इन्सुलेटर तडकला की तिथे ठिणगी पडते आणि ७ मेगाहर्ट्‌झवर टक-टक सुरू होते. ठोका अगदी क्षणभराचा असल्याने ब्लँकर तो जवळजवळ पुसून टाकतो. १० पैकी ३ किंवा ४ पातळी पुरते. ती ७-८ वर नेली की शेजारच्या जोरकस स्टेशनचा आवाज फाटून आपल्या फ्रिक्वेन्सीवर पसरतो, आणि त्या स्टेशनचाच सेट बिघडलाय असं वाटतं. म्हणून ब्लँकर कायम चालू ठेवता येत नाही, हाताशीच हवा. मुळात त्यासाठी पाच वेळा बटण दाबावं लागतं. पॅनेलवर हवं ते काम नेमून देता येणारं एक बटण आहे. त्यावर कंपनीने व्हॉइस मेमरी (रेकॉर्ड केलेला आवाज वाजवणारी सोय) ठेवलेली असते. ती काढून तिथे ब्लँकर नेमा. सेट घरी आला की पहिलं काम हेच.

सौर पंपाच्या कंट्रोलरची घरघर वेगळी. ती ऊन असेपर्यंत अखंड चालते आणि तिच्यावर ब्लँकरचा उपयोग नाही. प्रीअँप (आलेला सिग्नल वाढवणारा भाग) बंद करून आरएफ गेन (रिसिव्हरची संवेदनशीलता) थोडा उतरवला तर कानाला त्रास कमी होतो, पण खरा इलाज अँटेना पॅनेलच्या केबलपासून लांब नेणं हाच.

एजीसीचं महत्त्व एप्रिल-मेच्या वळवाच्या ढगांत कळतं. एजीसी ‘स्लो’वर असेल तर दूरच्या विजेच्या प्रत्येक कडकडाटानंतर रिसिव्हर क्षणभर दबतो आणि समोरच्याचे दोन-तीन शब्द जातात. ‘फास्ट’ करून आरएफ गेन घड्याळाच्या २ वाजण्याच्या जागी आणला की शब्द परत जुळतात. या सेटमध्ये एजीसीला वेगळं बटण नेमता येत नाही, म्हणून पावसाळा संपेपर्यंत ते ‘फास्ट’वरच ठेवणं सोयीचं. विजा जवळ येण्याची चिन्हं दिसली तर मात्र नॉबशी खेळत बसू नका, त्या जवळ पोचण्याआधीच अँटेनाची केबल काढून खोलीबाहेर टाका.

आता आरएफ गेनची कडी. आवाजाच्या नॉबभोवती तीन-चार मिलिमीटरची पातळ कडी, तीच आरएफ गेन. आवाज वाढवताना बोट तिला लागतं आणि ती नकळत उतरते. मग बँड शांत होतो, स्टेशनं येत नाहीत, आणि नवा माणूस अँटेना तपासायला छतावर चढतो. ओळखायची खूण एस-मीटरवर (सिग्नलचा जोर एस-युनिटांत दाखवणाऱ्या मीटरवर) आहे: कोणीच बोलत नसताना काटा किंवा पट्टी वरच अडकून राहिली असेल तर आरएफ गेन खाली आलेला आहे. कडीवर आणि पॅनेलवर, गेन पूर्ण असतो त्या ५ वाजण्याच्या जागी, नेलपॉलिशचा पांढरा ठिपका द्या. अंधारात टॉर्चच्या उजेडातही दिसतो.

क्लॅरिफायर हा सेटचा सगळ्यात धोकादायक भाग म्हणावा लागेल, कारण त्याचा नॉब मल्टी-फंक्शन आहे. तोच पॉवर, तोच माइक गेन, तोच क्लॅरिफायर. नेटमध्ये, म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीवर जमलेल्या अनेक स्टेशनांच्या बैठकीत, एखादं स्टेशन १०० हर्ट्‌झ सरकलेलं असतं. मोठा डायल फिरवून त्याला जुळवलं तर आपलं ट्रान्समिटही सरकतं, पुढचा आपल्याला जुळवतो, आणि अर्ध्या तासात अख्खं नेट सरकत जातं. त्यासाठी क्लॅरिफायर, जो फक्त रिसिव्ह हलवतो. पण तो शून्यावर न आणता सोडला की पुढचं प्रत्येक स्टेशन आपल्याला बेसूर ऐकू येतं. त्या स्टेशनशी बोलणं संपताच ‘क्लिअर’ दाबायची सवय हाताला लावा.

डायल स्वतः छान आहे. १० हर्ट्‌झची पायरी, एका फेऱ्यात २ किलोहर्ट्‌झ. आवाज बारीक जुळवायला अगदी योग्य. ७००० ते ७२०० किलोहर्ट्‌झ पूर्ण फिरायचं तर मात्र शंभर फेरे, म्हणून डायलची पायरी मोठी करणारं ‘फास्ट’ बटण डाव्या हाताच्या अंगठ्याला पाठ असू द्या. डायलचा मध्य टेबलापासून ८-१० सेंमीवर असावा. त्याहून वर असेल तर कोपर अधांतरी राहतं आणि तासाभरात मनगट दुखतं. सेट पॉवर सप्लायवर रचून ठेवू नका. बाजूला ठेवा आणि पुढच्या पायांखाली २ सेंमीची लाकडी पट्टी द्या. वजन कमी असल्याने माइकची गुंडाळी वायर ओढली की सेट सरकतो. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा पायांखाली घातला की जागचा हलत नाही.

माइकवरची अप-डाउन बटणं पीटीटीच्या (बोलताना दाबून धरायच्या बटणाच्या) इतकी जवळ आहेत की बोलता बोलता फ्रिक्वेन्सी बदलते. मेनूतून ती बंद करा. ट्यूनरचं (अँटेना सेटशी जुळवणाऱ्या भागाचं) बटणही जपून वापरा. थोडं दाबलं तर ट्यूनर चालू-बंद होतो, दाबून धरलं तर कॅरिअर (बोलण्याविना नुसता सिग्नल) सुटतो, आणि तो कोणाच्या बोलण्यावर जाऊन बसतो. आधी ऐका, विचारा, थोडं बाजूला सरका, मग ट्यून करा.

उन्हाळ्यात कूलरसमोर व्हॉक्स (आवाज ऐकून आपोआप ट्रान्समिट सुरू करणारी सोय) वापरता येत नाही. पंख्याच्या आवाजानेच सेट ट्रान्समिटला जातो. कूलरचा झोत सेटवर नको, ओल आणि खाऱ्या पाण्याचे शिंतोडे आत जातात. पारा ४५ च्या घरात असेल तेव्हा दुपारी ५० वॅट पुरेत. समोरच्याच्या मीटरवर अर्ध्या एस-युनिटाचा फरक पडतो, सेट मात्र बराच थंड राहतो. पऱ्हाटीच्या हंगामात, कापूस घरात असेल तर, पंख्याच्या जाळीवर रुई साचते. पंधरवड्याला मऊ ब्रशने काढा. ब्लोअर मारायचाच तर पात्यात काडी अडकवून मारा, नाहीतर पंखा वाऱ्याने वेडावाकडा फिरून त्याचं बेअरिंग जातं.