१.२५ एमएमचं कनेक्टर किट: हाउसिंग एकदम फिट, वायरींचे रंग मात्र तपासून घ्या

माझ्या जुन्या साउंड रेकॉर्डरच्या आतल्या बॅटरीचा तीन पिनचा पांढरा कनेक्टर बॅटरी बदलताना तुटला. प्लास्टिक इतक्या वर्षांत ठिसूळ झालं होतं, जरा जोर लावला तर एक बाजूच निघून आली. बाकी रेकॉर्डर ठणठणीत, आवाज अजून सुंदर येतो, त्यामुळे नखाएवढ्या प्लास्टिकपायी तो भंगारात टाकायचा हे मला अजिबात पटेना.

खरा घोळ नावांचा आहे. असला कुठलाही बारका पांढरा कनेक्टर विकणारे सरसकट "मायक्रो जेएसटी" म्हणून टाकतात. आता जेएसटी ही जपानी कंपनी, तिच्या सिरीज ढीगभर, एक्सएच म्हणजे २.५ एमएम पिच (शेजारच्या दोन पिनांच्या मध्यांमधलं अंतर), पीएच २ एमएम, झेडएच १.५, जीएच १.२५, एसएच १ एमएम, आणि यातलं एक दुसऱ्यात बसत नाही. वर "जेएसटी १.२५" म्हणून जे मिळतं ते बरेचदा जेएसटीचं नसतंच, ते मोलेक्स या दुसऱ्या कंपनीच्या पिकोब्लेड सिरीजसारखं असतं. पिच दोघांचं १.२५ च, पण जीएचला वर छोटं लॉक असतं जे टक् करून बसतं, पिकोब्लेडला तसलं लॉक नाही, ते नुसतं घट्ट बसतं. म्हणून लिस्टिंगमध्ये फक्त "१.२५" वाचून ऑर्डर करू नका, फोटोत लॉक आहे का ते झूम करून बघा.

मी पहिल्यांदा पट्टीने मापलं आणि दीड एमएम समजून झेडएच मागवले. मधली पिन बरोबर समोर आली, कडेच्या दोन्ही चुकल्या. मग बारीक माप घ्यायचा व्हर्नियर कॅलिपर घेतला. पहिल्या पिनच्या मध्यापासून शेवटच्या पिनच्या मध्यापर्यंत मापायचं आणि पिनांच्या संख्येतून एक वजा करून त्याने भागायचं. माझं आलं २.५, भागिले दोन, म्हणजे १.२५. झेडएचला तेच ३ आलं असतं. फरक अर्ध्या एमएमचा, पण पट्टीवर तो कळत नाही.

आता किटबद्दल. यात वेगवेगळ्या पिनांची रिकामी हाउसिंग (म्हणजे कनेक्टरची प्लास्टिकची कवचं), बोर्डवर सोल्डर करायचे सॉकेट आणि एका टोकाला आधीच क्रिंप केलेल्या, म्हणजे धातूचं टर्मिनल दाबून बसवलेल्या, वायरी आल्या. हे आधीच क्रिंप केलेलं असणं फार मोलाचं आहे, कारण एवढ्या बारक्या टर्मिनलला दोन जोड्या पंख असतात, एक तारेला धरते, एक वरच्या प्लास्टिकला, आणि साध्या पक्कडीने ते नीट होत नाही, चुरगळतात. हाउसिंग माझ्या बोर्डवरच्या सॉकेटमध्ये पहिल्या फटक्यात बसलं, हलत नाही, ओढल्याशिवाय निघत नाही. इथे पैकीच्या पैकी.

तक्रार आहे ती दोन पिनच्या तयार जोड्यांबद्दल. सोबत आलेल्यांपैकी काहींत लाल डावीकडे तर काहींत उजवीकडे. लाल म्हणजे प्लस आणि जागा ठरलेली असं धरून कोणी बॅटरी लावली तर बोर्ड जळू शकतो. बोर्डवरचं प्लस-मायनस मल्टिमीटरने बघा, मगच लावा. उलटं निघालं तर वायर कापायची गरज नाही, हाउसिंगच्या खिडकीत टर्मिनलची बारीक जीभ दिसते, ती सुईने हलकेच दाबली की वायर मागे सरकते, जागा बदलून परत घुसवायची.

माझ्या बॅटरीची तिसरी वायर तापमानाच्या सेन्सरची होती. मल्टिमीटरवर मायनस आणि तिच्यामध्ये साधारण दहा किलोओहम दिसले आणि बॅटरी तळहातात धरल्यावर आकडा हळूहळू उतरायला लागला, तेव्हा खात्री पटली. ही वायर उगाच सोडून देऊ नका, चार्जिंग त्यावर अवलंबून असू शकतं.

आणि हे कळकळीने सांगतो, लिथियम बॅटरीच्या वायरी एकदम कापू नका. कात्री दोन्हींवर एकत्र लागली की तिथेच शॉर्ट. एक कापा, टोकाला टेप लावा, मग दुसरी. हीट श्रिंकची (गरम केली की आवळणारी) नळी सोल्डर करायच्या आधी वायरीत ओवून ठेवा, नंतर ती जाणार नाही.

किटमधल्या वायरी बारीक आहेत, हा कनेक्टरही मुळात साधारण एक अँपिअरचा. रेकॉर्डरला पुरतो, पण मोटर किंवा मोठ्या स्पीकरच्या बॅटरीला हा लावू नका, तिथे पीएच किंवा एक्सएच बघा, तेही आधी करंट किती लागतो ते पाहून.

दोन महिने झाले, रेकॉर्डर रोज चालतोय, चार्जिंगला गरम होत नाही. परवा परत उघडून बघितलं, कनेक्टर जागेवर घट्ट आहे. पाच पैकी चार स्टार, पाचवा रंगांसाठी कापला.