रूट बिअर कोणती घ्यावी? ए अँड डब्ल्यू, ‘मग’, बार्क्स आणि काचेच्या बाटलीतल्या

अमेरिकेत नव्याने आलेल्या मराठी माणसाला रूट बिअरचा (नावात बिअर असली तरी हे बिनदारूचं, गोड, फसफसणारं पेय) पहिला घोट घेतल्यावर हमखास आयोडेक्स आठवतं. त्यात चूक काही नाही. या पेयाच्या चवीत विंटरग्रीन या सुगंधी वनस्पतीचा वाटा मोठा असतो. विंटरग्रीनचं तेल म्हणजे जवळजवळ सगळं मिथाइल सॅलिसिलेट, आणि तेच आपल्याकडे गंधपुऱ्याचं तेल म्हणून दुखण्यावरच्या मलमांत पडतं. अमेरिकन मुलांना हा वास आधी च्युइंगगम आणि गोळ्यांमधून भेटतो, म्हणून त्यांना त्यात औषध दिसत नाही. तेव्हा एका कॅनवरून सगळ्या रूट बिअरला नाकं मुरडू नका. ब्रँड बदलला की विंटरग्रीनचा जोर बराच बदलतो.

तो इतका का बदलतो, याला कारण आहे. मूळ चव सॅसाफ्रस झाडाच्या मुळाच्या सालीची. त्या सालीच्या तेलातल्या सॅफ्रोल या द्रव्यामुळे प्राण्यांमध्ये कर्करोग होतो असं दिसल्यावर 1960 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ते खाद्यपदार्थांत वापरायला बंदी केली. मुख्य घटकच गेल्यावर प्रत्येक कंपनीने ती चव आपापल्या पद्धतीने जुळवली: कुणी व्हॅनिला वाढवला, कुणी विंटरग्रीन, कुणी बडीशेपेच्या वळणाचे मसाले.

रोजचे तीन कॅन

ए अँड डब्ल्यूची सुरुवात 1919 मध्ये कॅलिफोर्नियातल्या लोडाय गावी रॉय ॲलन यांच्या स्टॉलवर झाली. तिघांत ही सर्वांत मऊ. व्हॅनिला पुढे, फेस दाट, विंटरग्रीन मागे. पहिल्यांदाच पिणाऱ्याच्या हातात हीच द्यावी. अडचण एकच, गोडवा. 355 मिलीच्या कॅनमध्ये साखर तिन्ही ब्रँडमध्ये 43 ते 47 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे अकरा चमचे धरा. पण रूट बिअरमध्ये कोलासारखं फॉस्फोरिक आम्ल सहसा नसतं. कोलाचा पीएच (हा आकडा जितका कमी तितकं पेय आंबट) अडीचच्या आसपास असतो, तर ए अँड डब्ल्यूचा चारच्या वर. गोडाला छेद देणारा आंबटपणाच नसल्याने तेवढीच साखर जास्त जाणवते. म्हणून ही कोमट प्यायलात तर पाक प्यायल्यासारखं वाटणार. फ्रिजमधून काढल्याकाढल्या प्यावी.

‘मग’ हा पेप्सीचा ब्रँड. चव ए अँड डब्ल्यूच्याच अंगाने जाते, पण पातळ, आणि शेवट पटकन संपतो. पिझ्झा किंवा बर्गरबरोबर घ्यायला बरी, नुसती पिण्यात फार मजा नाही. सेलमध्ये स्वस्त मिळाली तर घ्यावी, शोधत फिरू नये.

बार्क्स वेगळ्या जातीची. एडवर्ड बार्क यांनी 1898 मध्ये मिसिसिपी राज्यातल्या बिलॉक्सी इथे ती काढली. आता ती कोका-कोलाकडे आहे. फेस कमी, गॅस बोचरा, व्हॅनिला कमी, शेवट किंचित कडवट. कोला आवडणाऱ्याला हीच आवडण्याची शक्यता जास्त. आणखी एक महत्त्वाचा फरक: साध्या बार्क्सच्या कॅनमध्ये सुमारे 22 मिलिग्रॅम कॅफिन असतं, तर ए अँड डब्ल्यू आणि ‘मग’मध्ये ते नसतं. मुलांच्या वाढदिवसाला संध्याकाळी सात वाजता काय वाटायचं, हे यावरूनच ठरवा.

फ्लोट करायचा असेल तर

इथे आमचं मत जरा उलटं आहे. बरेच जण फ्लोटसाठी, म्हणजे आइसक्रीम घातलेल्या रूट बिअरसाठी, ए अँड डब्ल्यू घेतात. पण व्हॅनिला आइसक्रीम आधीच व्हॅनिला आणि गोडवा घेऊन येतं, त्यात पुन्हा व्हॅनिलावाली रूट बिअर ओतली की दोन घोटांनंतर तोंड फिरतं. शिवाय दुधातल्या स्निग्धांशाने आणि थंडीने चव दबते. बार्क्सचा बोचरेपणा नुसता पिताना काहींना खटकतो, पण फ्लोटमध्ये तोच उपयोगी पडतो.

फसतं ते फेसामुळे. रूट बिअरमध्ये फेस टिकावा म्हणून अनेक कंपन्या किलाया किंवा युक्का या वनस्पतींचा अर्क घालतात. आइसक्रीमच्या खडबडीत, हवेने भरलेल्या पृष्ठभागावर गॅसचे बुडबुडे भराभर सुटतात आणि दुधातली प्रथिनं त्यांना धरून ठेवतात. आइसक्रीमवर वरून कॅन उपडा केला की निम्मा फेस टेबलावर. म्हणून अर्धा लिटरचा जाड काचेचा मग वीस मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा. आधी शंभर मिली रूट बिअर ओता आणि फेस बसू द्या. मग आइसक्रीमचे दोन गोळे हलकेच सोडा आणि उरलेली रूट बिअर मग तिरका धरून काचेच्या कडेने, दोन-तीन टप्प्यांत ओता. बर्फ घालू नका, तो वितळून चव पांचट करतो. आइसक्रीम घट्ट हवं. मऊ पडलेलं लगेच विरघळतं आणि सगळा गढूळ काला होतो.

जास्त पैसे कुठे मोजावेत

आयबीसी या ब्रँडची तपकिरी काचेची बाटली दिसायला झकास, पण आतली चव मोठ्या ब्रँडपासून फार लांब नाही. पाहुण्यांपुढे ठेवायला ठीक. पैसे मोजायचेच तर स्प्रेकर किंवा व्हर्जिल्ससाठी मोजावेत. विस्कॉन्सिनमधल्या स्प्रेकर ब्रुअरीची रूट बिअर मधाची असते, अंगाने जड आणि मखमली. मात्र त्याच मधामुळे ती जैन आणि व्हीगन पाहुण्यांना चालणार नाही, हे आधी लक्षात घ्या. व्हर्जिल्समध्ये ज्येष्ठमध, लवंग, जायफळ, दालचिनी, काकवी असा ऐवज असतो आणि साखर उसाची. मसाल्याच्या चहावर वाढलेल्या जिभेला ती लवकर ओळखीची वाटते. ज्येष्ठमध आवडत नसेल तर मात्र लांब राहा, त्याची चव तोंडात रेंगाळते.

बिनसाखरेच्या प्रकारांत ए अँड डब्ल्यू पुढे आहे, कारण व्हॅनिला कृत्रिम गोडाची कडवट शेपटी झाकतो. त्यात अस्पार्टेम असतं, आणि ते उष्णतेने व काळाने विघटित होऊन गोडवा घटतो. टेक्सास किंवा ॲरिझोनाच्या उन्हाळ्यात गराजमध्ये पेटारे रचून ठेवले की सप्टेंबरात त्याची चव उतरलेली असते. तारीख बघून थोडेच घ्या आणि घरात ठेवा.

दोन लिटरची बाटली पाच-सहा कॅनएवढी असते आणि स्वस्त पडते. पण एकदा उघडली की दुसऱ्या दिवशी गॅस उतरलेला. एका बैठकीत संपणार असेल तरच घ्यावी.

आणि खरेदी करताना एवढं पाहा: साध्या रूट बिअरमध्ये दारू नसते, पण ‘हार्ड’ रूट बिअर म्हणून जी विकतात तिच्यात असते. ‘नॉट युअर फादर्स’ ही त्यातली गाजलेली, 5.9 टक्के अल्कोहोलची. बाटली तपकिरी, वास तोच, चवही जवळपास तीच. ती बिअरच्या रॅकवर असते, पण पार्टीत बर्फाच्या टबात दोन्ही एकत्र पडल्या की मुलांच्या हाती कुठली येईल सांगता येत नाही. टब वेगळे ठेवा.