एसव्हीपीची होम व्हिजिट: आधी घेणारी म्हणून, आता देणारी म्हणून माझा रिव्ह्यू

हॉटेलचे, पार्लरचे, मोबाईलचे रिव्ह्यू सगळे लिहितात पण या सर्व्हिसचा कोणी लिहीत नाही, कारण ज्यांनी ती घेतलीये त्यांना ते गावाला कळू द्यायचं नसतं. मी लिहिते. आमच्या घरानं 2013 ते 2019 अशी सहा वर्षं ही मदत घेतली आणि आता गेली तीन वर्षं मी स्वतः मेंबर आहे, म्हणजे दोन्ही बाजूंनी बघून झालंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एसव्हीपी म्हणजे संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी. आमच्या वसईत चर्चला जाणाऱ्या माणसाला हे नाव सांगावं लागत नाही पण बाहेरच्यांना वाटतं ही कुठलीतरी एनजीओ असेल, ऑफिस असेल, पगारी स्टाफ असेल, पण घरी येणाऱ्यांचं तसलं काहीच नाही. आपल्याच पॅरिशमधले, म्हणजे आपल्याच चर्चच्या हद्दीतले लोक असतात, कोणी रिटायर्ड शिक्षक, कोणी बँकेत, कोणी घरी असलेली बाई. दर आठवड्याला मिटिंग करतात, त्या ग्रुपला कॉन्फरन्स म्हणतात, आणि दोघं दोघं मिळून गरजू घरांना भेट द्यायला जातात. एकटं जायचं नाही आणि कुठल्या घरात काय दिलं ते बाहेर बोलायचं नाही. बस, एवढीच सिस्टीम.

आता आमची गोष्ट. आई पहाटेच्या लोकलनं दादरला फुलं घेऊन जायची, वसईतल्या कितीतरी बायका जातात तशी. पापा गवंडीकाम करायचे आणि प्यायचे. 2013 च्या पावसात आई अंगणात शेवाळावरून घसरली, मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि दादर बंद. मी तेव्हा दहावीला, भाऊ सातवीत. पहिले दोन महिने आत्यानं बघितलं, पण तिचाही संसार होता, ती तरी किती करणार.

एसव्हीपीच्या आधी आम्ही एका ट्रस्टकडे गेलो होतो. नाव घेत नाही. तीही ख्रिस्ती माणसांनीच चालवलेली, भिंतीवर येशूचा मोठा फोटो. मी आणि आत्या गेलो. फॉर्म भरून घेतला, त्यात वडिलांचा व्यवसाय, वडिलांचं उत्पन्न, वडिलांना व्यसन आहे का असा एक कॉलम होता आणि मी खरं ते लिहिलं. टेबलामागच्या बाई वाचता वाचता त्या कॉलमवर थांबल्या आणि म्हणाल्या, पिणाऱ्याच्या घरात आम्ही देत नाही, आधी वडिलांना सोडायला सांगा मग या. मी पंधरा वर्षांची होते, मी त्यांना कसं सोडायला सांगणार होते? शेवटी आत्या रडली म्हणून पाच किलो तांदूळ दिले पण बॅनरपुढे उभं करून फोटो काढला, तांदळाची पिशवी मी धरलेली. तो फोटो कुठे गेला, कोणी बघितला, मला माहीत नाही पण पुढे कित्येक महिने शाळेत कोणी माझ्याकडे नीट बघितलं तरी वाटायचं की यानं तो फोटो पाहिलाय.

तर एसव्हीपीवाले आले तेव्हा माझी आधीच तयारी होती की हे पण तेच विचारणार. फादरांनी कोणाला तरी सांगितलं असावं. एक सर आले, दुसऱ्या शाळेतले रिटायर्ड, आणि त्यांच्यासोबत एक आंटी. दोघांनी बाहेर चपला काढल्या, आईच्या खाटेजवळ चटईवर बसले, आंटीनं आईला विचारलं, वैनी, झोप लागते का रात्री? एवढाच पहिला प्रश्न. आमच्याकडे दूध नव्हतं, मी कोरा चहा केला, सरांनी कपातला सगळा प्यायला. लोक आमच्याकडे आले की अर्धा कप ठेवून उठायचे, म्हणून ते माझ्या लक्षात राहिलंय. पापा आत झोपलेले होते, वास येत होता, दोघांनाही आला असणार. त्यांनी विचारलंच नाही. फॉर्म नाही, कॉलम नाही. जाताना माझ्या शाळेचं, भावाच्या शाळेचं, औषधांचं विचारलं, सरांनी एका छोट्या डायरीत लिहिलं, आणि पुढच्या आठवड्यात तूरडाळ, तांदूळ, तेल आणि आईच्या गोळ्या घेऊन परत तेच दोघं हजर. साध्या कापडी पिशवीत, वर कसलंही नाव छापलेलं नाही, शेजारच्यांना वाटावं पाहुणे भाजी घेऊन आलेत.

आता मुख्य मुद्द्यावर येते, कारण पहिल्यांदा मदत करणारे खूप भेटतात. 2014 मध्ये आई काठी घेऊन चालायला लागली, दादरचं ओझं आता जमणार नव्हतं, म्हणून त्यांनी तिला शिलाई मशीन दिलं. पायानं चालवायचं जड पडेल म्हणून मोटर लावून. आई ब्लाऊज शिवायला लागली, फॉल पिको करायला लागली, महिन्याला थोडे पैसे येऊ लागले. तीन महिन्यांनी पापांनी ते मशीन विकलं. आम्ही शाळेत, आई चेकअपला गेलेली, घरी आलो तर कोपरा रिकामा. आमची लादी जुनी होती, पायांचा गंज लागून तिथं चार तांबूस डाग राहिले होते.

आई त्या रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, गेली नाही. सर भेटतील, विचारतील, तोंड कसं दाखवायचं. मला म्हणाली आता ते येणार नाहीत, आणि नाही आले तरी त्यांचं काही चुकणार नाही. ते दोघं गुरुवारी आले. आंटी चटईवर बसली आणि तिची नजर त्या चार डागांवर गेली, मी बघत होते, तिला सगळं कळलं. मी मनात वाक्यं जुळवत होते, चोरीला गेलं म्हणायचं की रिपेअरला दिलंय म्हणायचं. आंटी म्हणाली, वैनी, तुम्ही जेवलात का आज? आई रडायला लागली आणि तिनंच सगळं सांगून टाकलं. सर उठून आत गेले, पापा जागे होते, त्यांच्याशेजारी खाटेवर बसले आणि बराच वेळ काही न बोलता बसून राहिले. मग म्हणाले, भाऊ, तब्येत फार उतरलीय तुमची. ओरडले नाहीत. मला तेव्हा राग आला होता खरं सांगते, मला वाटलं कोणीतरी यांना खडसवायला पाहिजे.

पुढे काय केलं ते ऐका, कारण काही लोकांना वाटतं दया म्हणजे कोणी फसवलं तरी बघत बसायचं. तसं नाही झालं. दुसरं मशीन मिळालं सहा महिन्यांनी, पण ते घरी ठेवलं नाही, सिस्टरांच्या कॉन्व्हेंटमधल्या एका खोलीत ठेवलं आणि आई रोज सकाळी दहा ते एक तिथं जाऊन शिवायची. रोख पैसे घरात कधी दिले नाहीत, फी थेट शाळेत भरली, औषधं थेट मेडिकलमधून. म्हणजे पापा काय करतात हे त्यांना पूर्ण माहीत होतं आणि त्याप्रमाणे त्यांनी काळजीही घेतली, फक्त त्याची शिक्षा आम्हाला दिली नाही आणि पापांनाही दिली नाही.

पापा सुधारले का? लोक हे विचारतातच. नाही. सर त्यांना दोन-तीनदा ए.ए.च्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या, मिटिंगला स्वतः घेऊन गेले, महिनाभर बंद राहिली, परत सुरू झाली. 2019 मध्ये लिव्हर गेलं. शेवटचे काही महिने ते अंथरुणावरच होते आणि सर दर शनिवारी येऊन त्यांची दाढी करायचे. वाटीत गरम पाणी, खांद्यावर टॉवेल, स्वतःचं रेझर आणायचे, आणि एका हातानं हनुवटी वर धरून हळूहळू. पापांचे डोळे मिटलेले असायचे. ज्या माणसानं त्यांनी दिलेलं मशीन विकून दारू प्यायली त्याची दाढी. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय म्हणून मी पाचपैकी पाच स्टार देते, मशीनसाठी नाही.

मेंबर झाल्यावर मला या संस्थेचा इतिहास कळला. 1833 साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझनाम नावाचा विद्यार्थी होता, सोसायटीची पहिली बैठक झाली 23 एप्रिलला आणि त्या दिवशी त्याला बरोबर 20 वर्षं पूर्ण झाली होती. कॉलेजच्या वादसभेत कोणीतरी टोकलं होतं की तुमच्या चर्चनं एके काळी केलं असेल बरंच, आता गरिबांसाठी काय करता ते दाखवा. त्यानं आणि मित्रांनी वाद घालणं थांबवलं आणि सिस्टर रोझली रेंदू नावाच्या धर्मभगिनीकडे गेले, ती पॅरिसच्या सगळ्यात गरीब वस्तीत काम करायची, तिनं त्यांना घरं दाखवली आणि घरात शिरून बसायचं कसं ते शिकवलं. आदल्याच वर्षी तिथं कॉलरानं हजारो माणसं मेली होती. त्या मूठभर पोरांचं काम आज दीडशेच्या वर देशांत चालतं आणि ओझनामना 1997 मध्ये पोपनी धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं.

पण मला सगळ्यात भिडलं ते सोसायटीच्या नियमावलीतलं एक कलम. त्याचा अर्थ असा, की हा पैसा आपला आहे असं मेंबरनं कधी समजू नये आणि घेणाऱ्यानं आपली लायकी सिद्ध करावी अशी अपेक्षाही ठेवू नये. मी हे वाचलं आणि मला तो ट्रस्टचा कॉलम आठवला. आम्ही चर्चला जाणारे सगळेच बायबलमधल्या मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायाचं प्रवचन दरवर्षी ऐकतो, मी भुकेला होतो तुम्ही मला खायला दिलं, आजारी होतो, तुरुंगात होतो तुम्ही मला भेटायला आलात. तुरुंगात होतो! गुन्हा कोणता केला होता ते येशू सांगत नाही. भुकेला का होता तेही सांगत नाही, पैसे दारूत उडवले की कामावरून काढलं. इतकी वर्षं ऐकूनसुद्धा माझ्या ते लक्षात आलं नव्हतं.

आणि हे आपल्या महाराष्ट्रातही नवीन नाही. पंडिता रमाबाई 1883 च्या सुमारास इंग्लंडमध्ये होत्या तेव्हा तिथल्या सिस्टरांनी त्यांना लंडनच्या फुलम भागात एक घर दाखवलं, समाजानं पतित म्हणून बाहेर काढलेल्या बायकांचं. त्या बायकांना तिथं ज्या मायेनं वागवतात ते बघून रमाबाईंना धक्का बसला, त्यांनी कारण विचारलं तर एका सिस्टरनं त्यांना बायबलमधल्या योहानाच्या पुस्तकातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली, पाच नवरे झालेल्या त्या बाईशी येशू आपणहून बोलतो ती. पुढे दौंडजवळच्या केडगावला त्यांनी मुक्ती सदन उभं केलं तेव्हा अशा बायकांसाठी वेगळं घर केलं आणि त्याचं नाव ठेवलं कृपासदन. नावातच बघा ना, सुधारगृह वगैरे म्हटलं नाही.

आता मेंबर म्हणून अनुभव. हे काम बाहेरून वाटतं त्यापेक्षा फार अवघड आहे. पहिल्याच वर्षी मी त्याच आंटीबरोबर एका घरी गेले, नवरा सोडून गेलेला, दोन मुलं, आम्ही नुकतंच महिन्याचं रेशन भरून दिलेलं. गेलो तर टेबलावर केक. चांगला बेकरीतला, क्रीमवाला, वर मुलाचं नाव. माझं डोकंच फिरलं, मी, जिच्या घरी हे लोक सहा वर्षं येत होते, मी मनात हिशोब करायला लागले की केवढ्याचा असेल. रस्त्यात आंटीला म्हणाले हे मिटिंगमध्ये सांगायला हवं. आंटी थोडा वेळ चालत राहिली, मग म्हणाली, बाळा, पोराचा वाढदिवस महिनाअखेरीला आला तर त्या बाईनं तो काय पुढं ढकलायचा? मी गप्प झाले. मिटिंगमध्ये मी मुलगा सात वर्षांचा झाला एवढंच सांगितलं.

आता प्रॅक्टिकल माहिती, ज्याला गरज असेल त्याच्यासाठी. मदत मागायला कॅथलिक असावं लागत नाही, आमच्या भेटींमध्ये हिंदू घरं आहेत, मुस्लिम घर आहे, त्यांना प्रार्थनेला या असं कोणी म्हणत नाही. तुमच्या भागातल्या चर्चच्या ऑफिसमध्ये एसव्हीपीच्या माणसाला भेटायचंय एवढं सांगा, पुढचं ते बघतात. लाखांच्या घरात हॉस्पिटलचं बिल असेल तर ते यांच्या आवाक्यातलं नाही हे आधीच समजून घ्या. बराचसा पैसा मेंबरांच्या स्वतःच्या खिशातला असतो. मिटिंगच्या शेवटी एक कापडी पिशवी फिरते, प्रत्येकजण मूठ बंद करून हात आत घालतो आणि रिकामा बाहेर काढतो, कोणी किती टाकले, टाकले की नाही, कोणालाच कळत नाही. मी कॉलेज संपवून नवीन नोकरीला लागले होते तेव्हा काही आठवडे माझ्या मुठीत काहीच नसायचं. तरी पिशवी माझ्यासमोर तेवढाच वेळ थांबायची.

आई अजून शिवते. मशीन आता घरी आणलंय, त्याच कोपऱ्यात ठेवलंय, लादीवरच्या त्या चार डागांवर.