जर्मनीत बचत कुठे ठेवायची: खासगी बँक, श्पार्कासे की फोल्क्सबँक?

जर्मनीत नोकरीला आलेल्या आपल्या लोकांकडे चार-पाच वर्षांत बरी शिल्लक जमते आणि मग प्रश्न पडतो की पैसे ठेवायचे कुठे. भारतात ठेवींचा विमा देणारी संस्था एकच, डीआयसीजीसी, बँक सरकारी असो खासगी असो की सहकारी, एका बँकेत माणशी 5 लाख रुपये. (पतसंस्था त्यात येत नाही, हे घरच्यांना जरूर सांगा.) जर्मनीत मात्र बँकांच्या गटागणिक वेगळी व्यवस्था आहे: खासगी बँका, श्पार्कासे (गावोगावच्या सार्वजनिक बचत बँका) आणि फोल्क्सबँका (सहकारी बँका).

1 लाख युरोच्या आत असाल तर जवळची बँक बघा आणि मोकळे व्हा. तेवढं संरक्षण कायद्यानेच सगळीकडे सारखं आहे, बँक बुडाली तर 7 कामाच्या दिवसांत पैसे मिळतात, आणि जॉइंट अकाउंट असेल तर नवरा-बायकोचे मिळून 2 लाख. राहतं घर विकून आलेले पैसे असतील तर 6 महिने 5 लाखांपर्यंत.

खरा फरक त्याच्या वर. खासगी बँकांनी स्वतःहून वर्गणी काढून आणखी एक फंड केलाय, सगळ्या बँका त्यात नाहीत हे आधी तपासा. त्याची मर्यादा 2025 पासून माणशी 30 लाख युरो झाली, 2030 ला 10 लाखांवर येणार, म्हणजे ती कमीच होत चाललीय. 2021 मध्ये ब्रेमेनची ग्रीनसिल बँक बुडाली तेव्हा साध्या खातेदारांना पैसे मिळाले पण नगरपालिकांना या फंडातून 2017 मध्येच वगळलं होतं, त्यांचे कोट्यवधी युरो अडकले.

श्पार्कासे आणि सहकारी फोल्क्सबँकांची पद्धत वेगळी, तिथे गटातल्या बाकीच्या बँका मिळून अडचणीतल्या बँकेलाच सावरतात, म्हणजे खातेदारापर्यंत झळ येऊच नये असा हेतू. मला ही पद्धत जास्त पटते, पण कायदेशीर हक्क तिथेही 1 लाखाचाच हे विसरू नका.

आपापसातल्या फंडावर किती विसंबायचं? अमेरिकेत ऱ्होड आयलंडला असाच खासगी विमा फंड कोसळला आणि 1 जानेवारी 1991 ला, शपथ घेतली त्याच दिवशी, गव्हर्नरला 45 संस्था बंद कराव्या लागल्या, लोकांचे पैसे किती दिवस अडकून पडले. म्हणून माझं मत, रक्कम 1 लाखाच्या वर गेली की सरळ दोन बँकांत वाटा. दोन्ही श्पार्कासे वेगवेगळ्या गावच्या असतील तरी चालतं, त्या स्वतंत्र बँका आहेत. उलट कोमेर्त्सबँक आणि कॉमडायरेक्ट ही नावं दोन पण बँक एकच, तिथे मर्यादाही एकच लागते.